गुरुजींनी गिळलेला प्रश्न

मुलांनो, एका जंगलात तळ्याकाठच्या वडाखाली एक म्हातारे कासव तत्त्वज्ञान शिकवीत असे. सगळे त्याला गुरुजी म्हणत. गुरुजींची रीतच न्यारी! उत्तर म्हणून ते कधी देत नसत, नुसते प्रश्न विचारीत. "चांगलं म्हणजे काय?" "कुणासाठी चांगलं?" बिचारे ससे डोके खाजवून बेजार होत. मग एक दिवस त्यांच्या सर्वांत हुशार शिष्येने, एका खारीने, समोरच्या जांभळीखाली स्वतःची शाळा काढली. ती अर्थशास्त्र शिकवू लागली. फळे थोडी आणि तोंडे फार असली, तर वाटणी कशी करायची? तिथे प्रश्नाला उत्तर मिळे, तेही ताबडतोब. झाले! बघता बघता वड ओस पडला आणि जांभळीखाली बसायला जागा मिळेना.

गुरुजींच्या पोटात दुखू लागले. "माझ्याच पाठीवर बसून शिकली, आणि आता ही बाईसाहेब पंडित!" असे ते पुटपुटत. जांभळीखाली हशा पिकला की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. मान कवचात ओढून घेत खरे, पण कान सगळे तिकडेच!

त्या उन्हाळ्यात तळे आटले. गाळ उपसला तरच पाणी लागणार होते, आणि उपसायला कुणी पुढे येईना. सभा भरली. खार टुणकन दगडावर चढली. "सोपं आहे. जो जितका गाळ काढील, त्याला तितकं पाणी. बघा, सगळे कसे कामाला लागतात!"

"वा! वा!" सगळे ओरडले. खारीने वळून गुरुजींकडे पाहिले. कडेला एक हरिणी उभी होती. तिला कालच पाडस झाले होते, पाय लटपटत होते. गुरुजींना ती दिसली आणि प्रश्न अगदी ओठावर आला : 'ज्याला गाळ काढताच येत नाही, त्याचं काय?' पण मन म्हणाले, 'मी कशाला विचारू? होऊ दे हिची फजिती!' त्यांनी मान आत ओढून घेतली.

गव्यांनी दणादण गाळ उपसला. पाणी लागले. गवे पोटभर प्यायले, उरलेल्यात लोळलेसुद्धा. हरिणीच्या वाट्याला थेंब नाही. तिसऱ्या दिवशी ती काठावर कोसळली. पाडस ढुशा देत होते, पण दूध कुठले! खार धावत आली आणि पाहतच राहिली. मागून गुरुजी आले. इतक्या दिवसांची जळजळ त्यांना आवरेना.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं हे!" ते ताठ मानेने म्हणाले.

"दिसलं होतं?" खारीचा आवाज चिरकला. "मग विचारलं का नाहीत? आजवर माझ्या प्रत्येक उत्तरावर तुम्ही प्रश्न काढलात, गुरुजी. त्या दिवशी मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही गप्प. मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा माझं उत्तर तुम्हाला पटलं!"

गुरुजींची मान खाली गेली. "जळत होतो गं तुझ्यावर," ते कसेबसे म्हणाले. "आधी त्या आईला पाणी पाज. तहानलेल्या प्रत्येकाला पाणी मिळायला हवं, एवढं मला कळतं. पण ते पुरवायचं कसं, ते तूच सांग."

खारीने हरिणीला पाणी पाजले आणि तिथल्या तिथे ठरवले : आधी प्रत्येक तोंडाला एक द्रोण, मग उरलेले कष्टाप्रमाणे. गवे कुरकुरले, पण उपसत राहिले. हरिणी वाचली. पुढे जांभळीखाली उत्तर सांगून झाले की खार थांबे, वडाकडे पाही, आणि कवचातून मान बाहेर येई : "कुणासाठी चांगलं?"

पाडस मात्र जन्मभर काटकुळेच राहिले. ते पाण्यावर आले, की गुरुजी नजर वळवीत.

तात्पर्य : वाटणी कशी करायची हे सांगणाऱ्याला, ती कुणासाठी हे विचारणारा सोबतीला हवाच; हेव्यापोटी गिळलेला प्रश्न तिसऱ्याच्याच जिवावर बेततो.