विणकराने मागितलेली शपथ

फार पूर्वी ओडिशात, महानदीच्या काठच्या एका गावात, एक विणकर राहायचा आणि एक कुंभार. दोघं भाऊ नव्हते, पण भावांहून जवळचे होते. तरुणपणी पायी पुरीला जाऊन त्यांनी जगन्नाथाच्या दारी एकमेकांना महाप्रसादाचा घास भरवला होता. त्या मुलखात असा घास भरवला की जन्माची मैत्री जडते. मग एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती 'महाप्रसाद' अशीच. वीस वर्षं त्या दोघांनी दुसरी हाक मारली नव्हती.

एके वर्षी नदीला पूर आला. कुंभाराचं घर उंचावर होतं, विणकराचं सखल भागात. लेकीच्या लग्नाच्या साडीसाठी विणकराने गाठी बांधून सूत रंगवलं होतं, ते त्याने कुंभाराकडे नेऊन ठेवलं. पूर ओसरल्यावर परत आणलं, मागावर चढवायला घेतलं, तर लाल सुताची एक लड कमी. अशा सुतात प्रत्येक लडीची जागा ठरलेली असते. एक गेली की सगळी नक्षी बिघडते.

पुराच्या धांदलीत लड कुठेही पडली असेल. सरळ जाऊन विचारलं असतं, तर दोघांनी मिळून शोधली असती. पण विणकराच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा ती चुकचुकली की माणूस विचारत नाही, पाळत ठेवतो.

कुंभार हसून बोलला की विणकराला वाटायचं, गोड बोलून झाकतोय. गप्प बसला की वाटायचं, मन खातंय त्याला. एकदा कुंभाराच्या म्हशीच्या गळ्यात काहीतरी लाल दिसलं, तर हा शहाणा चिखल तुडवत गोठ्यापर्यंत गेला. जुनं फडकं निघालं. मला फसवायलाच बांधलं असेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. आता अशा डोक्यावर औषध कुठून आणायचं?

बायकोने परोपरीने सांगितलं, जाऊन विचारा एकदा. विणकर गेला, पण विचारायला नाही. पुरीहून आणलेला महाप्रसादाचा भात तिथे वाळवून घरोघरी जपून ठेवतात. तो हातात घेऊन खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. त्यातले चार दाणे घेऊन हा कुंभाराच्या अंगणात उभा राहिला.

"महाप्रसाद, हे हातात घे आणि सांग, माझी लड तू घेतली नाहीस."

कुंभार चाकावरून उठला. मातीचे हात धुतले, पुसले, आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

"घेतो शपथ," तो शेवटी म्हणाला. "पण हाच भात तोंडात घालून मी तुला आपला म्हटलं होतं. तेवढ्यावर तुझा विश्वास बसत नसेल, तर आपलं नातं इथंच संपलं. विचार कर. घेऊ?"

विणकराला वाटलं, टाळतोय. तो म्हणाला, "घे."

कुंभाराने दाणे हातात घेतले, कपाळाला लावले. आपण किंवा आपल्या घरातल्या कुणीही सूत घेतलेलं नाही, असं स्वच्छ शब्दांत सांगितलं. मग ते दाणे जपून विणकराच्या ओंजळीत परत ठेवले.

"झालं समाधान, दैतारी मेहेर? या आता तुम्ही."

वीस वर्षांनी विणकराने त्याच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलं. पाय ओढत तो घरी आला. बायकोला सगळं सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"देवालाच साक्षीला उभं केलंत," ती म्हणाली, "मग तिथं मित्राचं काम काय उरलं?"

विणकराची मान खाली गेली. तो मागापाशी जाऊन बसला. मग हळूच म्हणाला, "पण एक सांग, शपथ घ्यायला त्याने इतका वेळ का लावला?"

तात्पर्य: शपथ घातल्याने संशय मरत नाही, मैत्री मात्र मरते.