शेंड्यावरचा बुलबुल

बाभळीच्या बनात ससाण्याची दहशत होती, तेव्हाची ही गोष्ट. सातभाई पक्षी थव्याने राहत, म्हणून वाचत. शेजारचा बुलबुल एक दिवस त्यांच्याकडे गेला. "दादांनो, आम्हालाही तुमच्यात घ्या."

"सातही जणांचा होकार लागतो," थोरला म्हणाला. "तोवर त्या शेंड्यावर बसून पहारा दे. बघू."

"त्यांचे उंबरठे कशाला झिजवताय?" बुलबुलाची बायको चिडली. "ते घेणार नाहीत आपल्याला."

"पिल्लांसाठी बसतोय गं," तो म्हणाला.

दर हंगामात सहा जण हो म्हणत आणि एक नाही म्हणे. तो एक दर वेळी वेगळा असायचा, एवढंच.

एका दुपारी ससाणा झेपावला. बुलबुल जीव तोडून ओरडला. सातही जण झुडपात शिरले. उघड्या शेंड्यावरचा बुलबुल तेवढा सापडला.

"फार गुणी होता हो," थोरला हळहळला. "यंदा घेणारच होतो त्याला."

संध्याकाळी त्याची बायको मान खाली घालून आली. "पिल्लं लहान आहेत. आम्हाला तुमच्यात घ्या."

पहिल्यांदाच सातही जणांचं चटकन एकमत झालं. थोरल्याने रिकाम्या शेंड्याकडे चोच केली.

"बस तिथे. बघू."