तांदळात लिहिलेलं नाव

बाईनं स्वतःच्या डोक्यानं काही केलं, की गाव आधी तिच्यामागचा पुरुष शोधायला लागतं. विधवा शालिनीनं इस्लाम स्वीकारला, सकीना नाव घेतलं, तेव्हाही तेच झालं. सरपंच दाजीबा तिचे सख्खे मामा. त्यांनीच तिला भर ग्रामसभेत उभं केलं.

"नाव सोडलंस, देव सोडलास! कुणी भाग पाडलं तुला? नाव सांग, आत्ता त्याला आत टाकतो."

"सांगते," सकीना म्हणाली. "माझं माहेरचं नाव हौसा. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं 'शालिनी' लिहिलं, आणि हौसा संपली. माहेरचा खंडोबा सुटला, सासरची देवी माझी झाली. मी पंधरा वर्षांची होते, रडत होते. मला दंडाला धरून बोहल्यावर तुम्हीच नेलंत, मामा. आता टाका आत."

सभेत कुणीतरी फिसकन हसलं. मामा कडाडले, "ती गोष्ट वेगळी!"

"वेगळीच की! तेव्हा माझं नाव आणि देव तुम्ही बदललेत, तर गावानं अक्षता टाकल्या. आज तेच मी माझ्या मनानं केलं, तर माझी चौकशी!"