केसांचा की नायलॉनचा

"केसांचा ब्रश चांगला की नायलॉनचा, नाना? दोन शब्दांत निकाल द्या."

केरबानानांनी मान वर केली नाही. ऐंशीच्या घरातला तो रंगारी वाईजवळच्या आपल्या घराच्या पडवीत बसून खिडकीची झडप ऑइल पेंटनं रंगवत होता.

विचारणारा प्रल्हाद जगदाळे. एके काळी नानांच्याच हाताखाली तयार झालेला. आता साताऱ्यात रंगकाम म्हटलं की लोक त्याचं नाव घेत.

"निकाल कुणाला हवाय?"

"राजश्रीला." राजश्री त्याची लेक. दोन वर्षांपूर्वी ती त्याच्याच धंद्यात आली होती. "नायलॉनचे ब्रश घेऊन आली. मी उचलून टाकून दिले. आठ दिवस झाले, बोलत नाही. तिला वेगळं काम धरायचंय म्हणे. तुमचा शब्द मात्र ती मोडणार नाही."

"आणि तू?"

"मला काय विचारायचंय? तीस वर्षं डुकराच्या केसांच्या ब्रशावर नाव कमावलंय."

नाना झडपेवर ब्रश ओढत राहिले.

प्रल्हादची नजर पडवीच्या भिंतीवर गेली. ताजा, फिकट आकाशी रंग. तो जवळ गेला, तिरपं उभं राहून पाहिलं. एक रेघ नाही, एक ओघळ नाही. त्याला बरं वाटलं.

"हे बघा! हा हात केसांच्या ब्रशाचाच. डोळे मिटून सांगतो."

नाना उठले. प्लास्टिक पेंटचा डबा आणि केसांचा एक नवा ब्रश त्यांनी त्याच्यापुढे ठेवला.

"कोपरा राहिलाय तेवढा. कर पुरा."

प्रल्हादनं बाह्या सरसावल्या. पहिले चार हात झकास बसले. मग रंगातलं पाणी पिऊन केस फुगले, मऊ पडले, पावसात भिजलेल्या कोंबडीच्या शेपटीसारखे लोंबू लागले. भिंतीवर रेघा उठल्या. त्यानं ब्रश निथळला, पुन्हा हात मारला. पुन्हा रेघा.

"ब्रश हलका दिसतोय, नाना."

"तुझ्याच दुकानदाराकडचा आहे."

नानांनी नायलॉनचा ब्रश पुढे केला.

प्रल्हादनं तो घेतला, जरा नाखुशीनंच. ओल्या रंगावरून वरून खाली ओढला. रेघा विरल्या. आणखी एक हात. कोपरा उरलेल्या भिंतीत असा मिसळला की जोड कुठं आहे ते त्याचं त्यालाच दिसेना.

त्यानं दोन्ही ब्रश शेजारी शेजारी धरून पाहिले.

"तेलाच्या रंगाला केस, पाण्याच्या रंगाला नायलॉन... एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग पोरीनं मला सांगायचं तरी!"

"नाही सांगितलं?" नानांनी विचारलं.

प्रल्हादनं मान खाली घातली. सांगितलं होतं तिनं. दोनदा.

"ही बाकीची भिंत..." त्यानं हळूच विचारलं.

"तिचीच. मंगळवारी आली होती. बोलता बोलता करून गेली."

प्रल्हादनं भिंतीवरून पुन्हा नजर फिरवली. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. छान हात होता पोरीचा. आपल्याला इतक्या लवकर जमला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते त्यानं लपवलं नाही.

"माझं गाऱ्हाणं घेऊन आली असेल."

"छे. ऑइल पेंटला केसांचा ब्रश कसा ओढायचा ते शिकवा म्हणाली. बाबा ओढतात तसा."

प्रल्हादनं हातातले ब्रश खाली ठेवले.

"मग... शिकवलंत?"

नाना पुन्हा झडपेशी बसले. ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या काठाला टेकवून निथळला.

"नाही. म्हटलं, माझ्याहून चांगला ओढणारा रोज तुझ्या घरी जेवायला असतो."