मोटेवरून होडीवर

नदीकाठच्या एका गावात एक भोळा गडी राहायचा. नाव त्याचं म्हसू, पण आईबाप गेल्यापासून ते नाव कुणी फारसं वापरलं नव्हतं. तीस वर्षं त्यानं पाटलांच्या विहिरीवर मोट हाकली, म्हणून गाव त्याला मोट्या म्हणे. बैल निघाले की म्हसू त्यांच्याबरोबर वीस पावलं पुढे. मोट रिकामी झाली की बैलांबरोबर वीस पावलं मागे. मग पुन्हा पुढे. त्या कामाला डोकं लागत नसे आणि म्हसूनं ते कधी लावलंही नाही. त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं.

मग पाटलांनी विहिरीवर विजेचा पंप बसवला. बैल बाजारात गेले आणि म्हसू घरी आला. तेव्हा त्याचं वय बावन्न.

त्याच्या बायकोला, हौसाबाईला, काहीतरी चुकतंय असं पहिल्यांदा वाटलं ते तिसऱ्या दिवशी. गोष्ट लहानच होती. तिनं त्याला मीठ आणायला पाठवलं. तो अंगणातून वीस पावलं गेला, थांबला, आणि तोंड न वळवता उलटा चालत दारात परत आला.

“मीठ कुठाय?” तिनं विचारलं.

“दुकान वीस पावलांत बसत नाही,” म्हसू म्हणाला.

हौसाबाई घाबरली. तशी तिला घाबरायला फार काही लागत नसे. मांजरानं झाकण पाडलं तरी ती भिंतीला पाठ लावून उभी राही. पण या वेळी भिण्यासारखंच होतं. दसऱ्याला ऊसतोडीची टोळी निघायची होती. तोवर म्हसूला दुसरं काम लागलं नाही, तर दोन शेळ्या विकून, घराला कुलूप घालून दोघांना टोळीबरोबर जावं लागणार होतं. या वयात परक्या फडात, पाचटाच्या खोपीत झोपायचं, आणि आजूबाजूला साप. साप तिनं आत्तापासूनच मोजायला घेतले होते.

त्याच सुमाराला देव पावला. केरबा भोई म्हातारा झाला होता. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर बांधलेला असे आणि तो दोर हातानं ओढत केरबा होडी पार नेत असे. आता त्याचे खांदे गेले होते. दसऱ्याला तो लेकीकडे राहायला जाणार होता. तो पंचांना म्हणाला, मोट्याला तीस वर्षं दोराची सवय आहे, त्याला बघा. पंच म्हणाले, बघू. बाजाराच्या दिवसापर्यंत आठ दिवस चालवू दे. नीट चालवली तर होडी त्याची. नाहीतर पलीकडच्या गावचा माणूस आहेच.

म्हसू मात्र हबकला. बावन्नाव्या वर्षी नवं काम, तेही रोज नव्या माणसांशी बोलायचं. बैल तर कधी काही विचारत नसत. हौसाबाई त्याला शाळेतल्या गुरुजींकडे घेऊन गेली. गुरुजींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि सांगितलं, तुझ्यात आत्मविश्वास नाही. मान खाली घालतोस, तिथंच हरतोस. समोर येईल त्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभं राहायचं.

“हे आता पक्कं,” म्हसू म्हणाला.

आणि पक्कं झालंच. एकदा म्हसूच्या डोक्यात काही शिरलं की बाहेर पडत नसे. आतून ढकलायला दुसरं काही नव्हतं.

परतीच्या वाटेवर समोरून पाटलांचा रेडा आला. हौसाबाई केव्हाच बांधापलीकडे पोचली होती. म्हसू मात्र वाटेच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं रेड्याच्या डोळ्यांत डोळे घातले. रेड्यातही आत्मविश्वास होता. म्हसू बाभळीवर सापडला.

बाभळीखाली उभं राहून हौसाबाईनं समजावलं, अहो, मोठं कुणी समोरून आलं की बाजूला व्हावं, वाट द्यावी.

“हे आता पक्कं,” म्हसू बाभळीवरूनच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो होडीवर रुजू झाला. केरबा काठावर बिडी ओढत बघत बसला. पहिली फेरी उत्तम झाली. दोर म्हसूच्या हातात असा पळे की जणू तो दोर धरूनच जन्माला आला होता. दुसऱ्या फेरीला पलीकडून पाटील आले. काठ लागला. उतरताना त्यांनी आधाराला हात पुढे केला. म्हसूनं पाहिलं, मोठं माणूस समोरून येतंय. तो अदबीनं बाजूला झाला आणि त्यानं वाट दिली. पाटील त्या वाटेनं सरळ चिखलात गेले. आधी फेटा, मागून पाटील.

तो फेटा हौसाबाईनं तीन पाण्यांतून धुतला आणि घडी घालून पाटलीणबाईंना नेऊन दिला. घरी येऊन ती म्हसूला म्हणाली, उतरणाऱ्याचे हात धरायचे असतात. दोन्ही हात. घट्ट. पाय जमिनीला लागेपर्यंत सोडायचे नाहीत.

“हे आता पक्कं.”

दुसऱ्या दिवशी सरू कुंभारीण आली. डोक्यावर तीन माठांची उतरंड आणि दोन्ही हातांनी ती सावरलेली. काठ लागताच म्हसूनं तिचे दोन्ही हात धरले. सरू ओरडत होती, अरे सोड, हात सोड. म्हसूनं पाय जमिनीला लागेपर्यंत सोडले नाहीत. सरू कोरडी उतरली. माठ तीन होते, त्यांचे सहज तीसेक झाले.

सरूनं म्हसूच्या सात पिढ्यांची चौकशी केली आणि शेवटी दम लागल्यावर कामाचं बोलली. “आधी ओझं उतरवून घ्यायचं, मेल्या. ते खाली नीट मांडायचं. मग माणसाकडे बघायचं.”

“हे आता पक्कं.”

हल्ली हौसाबाई हे तीन शब्द ऐकले की दाराची चौकट धरत असे.

तिसऱ्या दिवशी यमुनाआत्या आली. वय पंच्याऐंशी, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. धिप्पाड नातवानं तिला पाठुंगळी घेतलं होतं. काठ लागला तसा म्हसू पुढे झाला. आधी ओझं. त्यानं यमुनाआत्याला नातवाच्या पाठीवरून अलगद उतरवलं, काठावर कांद्याच्या पोत्यांच्या रांगेत नीट मांडलं, ऊन लागू नये म्हणून वर गोणपाट टाकलं, आणि मग माणसाकडे वळून नातवाचे दोन्ही हात धरले.

गोणपाटाखालून आवाज आला, “मोट्या, तुझ्या बापाला नाक पुसायला मी शिकवलं रे. आणि तू मला कांद्यात बसवतोस?”

गाव दोन दिवस हसलं. हौसाबाईला हसू आलं नाही. तिनं जाऊन आत्याच्या पायावर डोकं ठेवलं. आत्या म्हणाली, उठ बाई, त्यानं निदान सावलीला तरी ठेवलं, माझी सून उन्हात ठेवते. तेवढ्यावर ते मिटलं.

चौथ्या दिवशी म्हसूचं पोट बिघडलं. नव्या कामाची धास्ती, त्यात भाकरी घाईघाईनं गिळायची. वैद्यबुवांनी नाडी बघितली आणि म्हणाले, पन्नाशीनंतर पोट सांभाळलं त्यानं सगळं सांभाळलं. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. मधे थांबायचं नाही. मधे बोलायचं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी म्हसू पलीकडच्या काठावर न्याहारीला बसला. भाकरी झाली, मग ताक. ताकाचाही घोट त्यानं बत्तीस वेळा चावला. अलीकडच्या काठावर माणसं जमली. त्यांत गुरुजी होते, त्यांना पलीकडच्या वाडीतल्या शाळेत जायचं होतं. लोकांनी हाका मारायला सुरुवात केली. ए होडीवाल्या. अरे मोट्या. म्हसू सत्तावीसवर होता. हाकांनी आकडा चुकला. त्यानं पुन्हा एकपासून घेतलं. त्या दिवशी शाळा दीड तास उशिरा भरली आणि पलीकडच्या वाडीतल्या झाडून सगळ्या पोरांनी म्हसूला दुवा दिला.

या वेळी केरबानंच त्याला समोर बसवलं. “हे बघ. हाक आली की हातात असेल ते टाकायचं आणि आधी ओ द्यायची. घास असो, बिडी असो, काहीही असो. टाकायचं. ओ द्यायची. माणसाला तेवढंच बरं वाटतं.”

“हे आता पक्कं.”

सहाव्या दिवशी म्हसूनं अर्धी भाकरी, एक कांदा आणि केरबाची तंबाखूची चंची नदीत टाकली, कारण हाका येतच होत्या. आणि त्या सगळ्या त्याला नव्हत्या. कुणी शेतातून बैलाला अरे म्हणालं, म्हसूनं ओ दिली. कुणी शेळीला ये म्हणालं, ओ. कपडे धुणाऱ्या बायकांना खेळच मिळाला. त्या दिवसभर उगीच अगं, अरे करत राहिल्या आणि म्हसू संध्याकाळपर्यंत ओ देऊन देऊन बसक्या आवाजाचा झाला.

गुरुजींना हे बघवलं नाही. त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा रे, स्वतःची किंमत ठेव. अरे, ए, मोट्या ही काय हाक झाली? तुला आईबापांनी नाव ठेवलंय. जो नावानं हाक मारील, त्यालाच ओ द्यायची. बाकी कुणी कितीही ओरडो, ढुंकून बघायचं नाही.

“हे आता पक्कं,” म्हसू घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि पहिल्यांदाच जरा ताठ उभा राहिला.

सातवा दिवस तुपासारखा गेला. मोट्या म्हटलं की म्हसू नदीकडे बघत उभा. दुपारपर्यंत गावाच्या लक्षात आलं आणि लोक काठावरून म्हणू लागले, म्हसू, येतोस का रे? म्हसू हातातली बिडी टाकी, ओ म्हणे आणि होडी आणी. कुणी पडलं नाही, काही फुटलं नाही. तीस वर्षं ज्याला बैलांच्या मागचा गडी म्हणून ओळखलं, त्याला लोक नावानं ओळखू लागले. घरी आल्यावर तो हौसाबाईला म्हणाला की होडीवर हवा फार चांगली असते. हौसाबाईनं त्या संध्याकाळी पोटभर भाकरी खाल्ली. शेळ्यांना गिऱ्हाईक बघायला सांगितलं होतं, त्याला नको म्हणून निरोप धाडला.

आठवा दिवस बाजाराचा. पलीकडच्या गावचं काम उरकून पाटील आणि पाचही पंच म्हसूच्या होडीतून परत येणार होते. काठाला पाय लागला की होडी कुणाची ते सांगणार होते. केरबाही शिफारशीला त्यांच्यासोबत होडीत बसला होता. हौसाबाई न्याहारीचं फडकं घेऊन अलीकडच्या काठावर आली. नदीला पाणी चढलं होतं. होडी पलीकडून निघाली. म्हसू पुढच्या टोकाला उभा राहून दोन्ही हातांनी दोर ओढत होता, संथपणे, छाती काढून. हौसाबाईला त्याच्याकडे बघून बरं वाटलं. मग तिची नजर खुंटावर गेली.

अलीकडचा दोर ज्या खुंटाला बांधला होता, तो खुंट हलत होता. पाण्यानं बुडाची माती खाल्ली होती. म्हसू एक हात ओढी, खुंट एक बोट वर येई.

हौसाबाईच्या हातातलं फडकं गळून पडलं. तिनं दोन्ही हातांनी खुंटाला मिठी मारली आणि टाचा चिखलात रोवल्या. खुंट निघाला तरी म्हसूनं दोर सोडायचा नाही, एवढंच पुरेसं होतं. दोराचं दुसरं टोक पलीकडे पक्कं होतं, दोर हातात राहिला तर होडी त्या काठाला जाऊन लागली असती. सुटला तर ती थेट खालच्या गावाच्या वाळूत रुतायची. पंचांसकट.

“अहो!” हौसाबाईनं हाक मारली.

म्हसू दोर ओढत राहिला.

“अहो, ऐकता का? दोर सोडू नका!”

होडीत पाटलांनी मान वळवली. केरबानं वळवली. पाचही पंच तिच्याकडे बघू लागले. पाटील म्हसूला खुणा करत काही सांगत होते, बहुतेक मोट्या, बायको बोलावतेय असंच काही. म्हसू ढुंकून बघेना. हौसाबाईला सगळं समजलं. अहो हे काही त्याचं नाव नव्हतं.

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. चौतीस वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव तोंडानं उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा ती शेजारणीला पुढे करून ते सांगायला लावी. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. नाही घेतलं तर दोघांचं उसाच्या फडात जाणार होतं. खुंट आणखी दोन बोटं वर आला. काठावर बाजाराला निघालेली माणसं थांबून बघत होती आणि या सगळ्यांसमोर नुसतं नाव घ्यायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

पण उखाण्यात घेतलं तर चालतं. तेवढी सोय वाडवडिलांनी ठेवली आहे.

हौसाबाईनं खुंटाला आणखी घट्ट कवटाळलं, डोळे मिटले आणि जन्मात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढला.

“नदीला चढलं पाणी, खुंट झाला कमजोर,
म्हसूरावांचं नाव घेते, सोडू नका दोर!”

कपडे धुणाऱ्या बायकांचे हात वरच्या वर थांबले. पहिल्या ओळीला म्हसूनं लक्ष दिलं नाही, ती नदीला आणि खुंटाला होती. दुसरी सुरू झाली तशी त्याची मान वळली. हौसाबाईनं डोळे उघडले तेव्हा तो तिच्याकडेच बघत होता, आणि चौतीस वर्षांत त्याचा चेहरा असा उजळलेला तिनं कधी बघितला नव्हता.

त्यानं हातात होतं ते टाकलं. दोन्ही हातांतून.

होडी हळूच फिरली. आधी पाटलांचा फेटा खालच्या गावाकडे निघाला, मग पाटील, मग पंच. आणि त्या सगळ्यांच्या पुढे ताठ उभा राहून, नदीच्या मधोमध, म्हसू मोठ्या प्रेमानं म्हणाला,

“ओ.”