काचेवरच्या गोगलगायी

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता आणि त्याच्या अंगणात पुरुषभर उंचीचा काचेचा हौद होता. हौदात बारा मासोळ्या. त्यांतली रुपेरी मासोळी म्हणजे राजाची एकुलती एक लेक केतकी. भर दरबारात ती एका जादूगाराच्या दाढीला हसली आणि त्याने तिला मासोळी करून टाकलं. जाताना म्हणाला, "वर्षाच्या आत चारी काचांतून ऊन आत पोचलं, तर ही माणूस होईल. नाहीतर जन्मभर पोहत राहील."

त्याच दिवशी काचांवर हिरवंगार शेवाळ चढलं. माणसाच्या हाताने पुसलं की दुप्पट वाढे. केतकीला अंगाखांद्यावर खेळवलेली दाई सगुणा दिवसभर हौदापाशी बसे. आत काही दिसत नसे. तिचं काळीज तुटे.

तीन महिने उरले तेव्हा एक खंड्या पक्षी काठावर येऊन बसला.

"बाई, माणसाला पुसता येत नाही ते गोगलगाय खाईल. तीन डोंगरांपलीकडच्या तळ्यातून आण."

"तू मासेखाऊ. तुझं का ऐकू?"

"केतकीने माझा मोडका पंख बांधला होता. ती एक मासोळी मी खाणार नाही. बाकीच्यांचं वचन देत नाही."

सगुणा गेली. मडक्यात वीस गोगलगायी घेऊन आली. प्रधान हसला, "गोगलगाय नि पोटात पाय! दाईच्या मनात काही वेगळंच दिसतंय." तीन दिवसांत विसाच्या वीस मेल्या. ती पुन्हा गेली, तीन डोंगर पुन्हा चढली. त्याही मेल्या.

तिसऱ्या खेपेला ती हौदापासून हललीच नाही. सकाळी गोगलगायी शिंगं काढून मजेत काचेवर चढत होत्या. तेवढ्यात पाणक्या आला, तांब्याचा हंडा हौदात ओतून गेला. गोगलगायी आक्रसल्या आणि टपाटप तळाशी पडल्या. सगुणेने जाळीने भराभर वेचून त्या मडक्यातल्या तळ्याच्या पाण्यात टाकल्या. घटकाभराने शिंगं पुन्हा बाहेर आली.

ती तडक राजाकडे गेली. "महाराज, तांबं यांना विष आहे. मासोळ्या मडक्यांत ठेवून हौद उपसा आणि मातीच्या घागरींनी भरा."

"सात पिढ्या या हौदात तांब्याच्या हंड्यातलंच पाणी पडतं, दाई. कुळाचार मोडू?"

"कुळाचार राहील, महाराज. कूळ राहणार नाही."

 राजाने मुकुट काढून ठेवला आणि स्वतः घागर खांद्यावर घेतली. मग काय, प्रधानालाही घ्यावी लागली.

गोगलगायी कामाला लागल्या. राजा येरझाऱ्या घाली, पण गोगलगायीला राजाज्ञा लागू होत नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ऐन दुपारी, शेवटचं वीतभर शेवाळ गेलं. चारी काचांतून ऊन आत शिरलं आणि गळाभर पाण्यात केतकी उभी राहिली.

राजा धावला. "बाबा, पायाखाली बघा!" ती ओरडली. राजाने पाऊल मागे घेतलं, वाकून हौदाबाहेर जमिनीवर उतरलेली गोगलगाय उचलली. तोवर केतकी हौदाबाहेर उतरून ओल्या अंगाने सगुणेच्या गळ्यात पडली होती.

"दाई, किती वाळलीस गं!"

 सगुणा नुसती रडत राहिली. राजा तळहातावर गोगलगाय घेऊन आपली पाळी येण्याची वाट बघत उभा होता.

त्यांच्या घरी ऊन परतलं, तसं ऐकणाऱ्यांच्याही घरी परतो.