टिपूस उंदरीचं दार

एक होतं गाव. गावात भिवा सुताराचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, आता नावालाच! तीन वर्षं तिथे ठोकाठोक नाही की खरखर नाही. भुसा काळा पडला. हत्यारं गंजली. खंडेनवमीला हत्यारांना झेंडूचं फूल वाहतात ना? तेसुद्धा कुणी वाहिलं नाही.

कारखान्याच्या भिंतीत होतं बीळ. बिळात राहायची टिपूस उंदरी. एवढीशी. करंगळीएवढी. तिची पाच पिल्लं होती. बिळाला लाकडाचं दार होतं. जुनं, कुजकं.

सकाळी आला काळा बोका. पंजा मारला, काडकन! दार मोडलं. एक पिल्लू तोंडात धरलं आणि चालता झाला. पाचाची चार झाली.

जाता जाता काय म्हणाला माहितीय? "दिवेलागणीला परत येतो हं!" मेल्याला लाज म्हणून नाही.

टिपूसने चार पिल्लं कोपऱ्यात सरकवली. वर भुसा पसरला. म्हणाली, "चूं करायचं नाही." आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

भिंतीशी उभी होती फळी. सागाची. लांबच लांब.

टिपूस म्हणाली,
"फळी फळी, दार हो ना!
दाराविना पिल्लं वाचेनात!"

फळी म्हणाली, "होईन की गं. पण मी केवढी, तुझं बीळ केवढं! करवत मला कापेल, तर मी दार होईन."

टिपूस निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

खिळ्याला टांगली होती करवत. लालेलाल. नुसता गंज!

टिपूस म्हणाली,
"करवत करवत, फळी काप ना!
फळी दार होईना,
दाराविना पिल्लं वाचेनात!"

करवत म्हणाली, "कशाने कापू, बाई? दात बघ माझे. सगळे बोथट. कानस मला घासेल, तर मी फळी कापीन."

टिपूस निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन दारातून आत आलं होतं.

पेटीत पडली होती कानस. तीन धारांची, खरखरीत.

टिपूस म्हणाली,
"कानस कानस, करवत घास ना!
करवत फळी कापेना,
फळी दार होईना,
दाराविना पिल्लं वाचेनात!"

कानस म्हणाली, "हूं! मी काय आपली आपण चालते? ती सगुणामावशी काल मला घेऊन बसली होती. पुढे घासलं, मागे घासलं. अंग ठणकतंय माझं! तिने मला नीट चालवलं, तर मी करवत घाशीन."

टिपूस निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

सगुणामावशी अंगण झाडत होती. ती गावात नवी. तिला सुतारकाम शिकायचं होतं. म्हणून रोज यायची, कारखाना झाडायची, हत्यारं पुसायची. शिकवायचं मात्र कुणी नाव काढत नव्हतं.

टिपूस म्हणाली,
"मावशी मावशी, कानस चालव ना!
कानस करवत घासेना,
करवत फळी कापेना,
फळी दार होईना,
दाराविना पिल्लं वाचेनात!"

टिपूसने बोक्याचं सांगितलं, तशी मावशी मटकन खाली बसली. "अगं बाई गं! एक गेलं?" तिचे डोळे भरले. "पण टिपूस, मला नीट येत नाही. काल घासली तर कानसच बिघडायला लागली. भिवाआजा मला शिकवेल, तर मी कानस चालवीन."

टिपूस निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन आता भिंतीवर चढलं होतं. तिचे पाय दुखत होते.

ओट्यावर बसला होता भिवाआजा. पाठ कारखान्याकडे, तोंड रस्त्याकडे. तीन वर्षं असाच बसायचा.

टिपूस म्हणाली,
"आजा आजा, मावशीला शिकव ना!
मावशी कानस चालवेना,
कानस करवत घासेना,
करवत फळी कापेना,
फळी दार होईना,
दाराविना पिल्लं वाचेनात!"

आजा म्हणाला, "नाही."

टिपूस वाट बघत राहिली. सगळ्यांनी 'तर' म्हटलं होतं. आजा 'तर' म्हणेचना.

"अमुक झालं तर, असं काहीतरी म्हण ना, आजा. मी तिकडे जाते."

"कुठे जाशील?" आजा म्हणाला. "माझ्याकडे दौलत शिकायला होता. नवा गडी, हात कच्चा. मी म्हटलं, याला बोथट करवत देऊ. बोथट आहे, म्हणजे लागणार नाही. मी एवढा जुना सुतार, आणि एवढं कळलं नाही! धारेची करवत लाकडात शिरते. बोथट करवत उसळते. उसळली, आणि त्याचं बोट गेलं. दौलत रडत घरी गेला. मी नाही कुणाला शिकवणार."

रस्त्यावरून गुरं घरी निघाली. घुळुंग घुळुंग.

मग टिपूस हळूच म्हणाली, "मी पण चुकले, आजा."

"तू?"

"दार कुजलं होतं. मला दिसत होतं. मी म्हटलं, उद्या बघू. माझं पिल्लू गेलं." तिने वळून बिळाकडे बघितलं. "पण आत चार आहेत, आजा. मी चुकले म्हणून त्यांना बोक्याला देऊ?"

आजाने तिच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. त्याच्या पांढऱ्या मिशीवरून पाणी ओघळलं. मग गुडघ्यावर हात ठेवून तो उठला.

"सगुणा! राख आण. तेल आण. ये इकडे!"

आजा कारखान्यात आला. तीन वर्षांनी. करवत खाली काढली. राखेने घासली, गंज निघाला. तेलाचं बोट फिरवलं.

"आता कानस धर. पुढे ढकल. मागे येताना उचल. टेकवायची नाही."

मावशीने ढकलली. खर्र! मागे घासली. खर्र!

"उचल म्हटलं ना!" आजा ओरडला.

मावशी दचकली. तिचा हात थांबला. आजाचाही आवाज खाली आला. "घाबरू नको गं. मीही असंच करायचो. माझ्या बापाने शंभर वेळा सांगितलं होतं. हं, पुन्हा."

खर्र... उचल. खर्र... उचल.

"एक दात घासायचा, एक सोडायचा. मग करवत फिरवायची, उरलेले घासायचे."

खर्र... उचल. खर्र... उचल.

"आजा, ऊन गेलं!" टिपूस म्हणाली.

"जाऊ दे. बोथट करवत मी कुणाच्या हातात देणार नाही. शेवटचा दात होऊ दे."

शेवटचा दात झाला. लखलखीत!

मग काय!
आजाने मावशीला शिकवलं,
मावशीने कानस चालवली,
कानशीने करवत घासली,
करवतीने फळी कापली. सुर्र सुर्र! "दाबू नको," आजा म्हणत होता, "नुसती चालव." आणि मावशीची दहाच्या दहा बोटं जागेवर राहिली. आजाने दोनदा मोजली.
फळी दार झाली!

ठक, ठक. दार बसलं. टिपूस आत शिरली. आतून खुंटी लावली.

तेवढ्यात आला बोका. धप्प!

पंजा मारला. ठक! दार हललं नाही. नखं ओढली. खरडलं, ओरबाडलं. दार हललं नाही. नाक लावून बसला. बराच वेळ बसला. मावशीने झाडू उगारला, "हट मेल्या!" तेव्हा कुठे गेला.

आत अंधार. टिपूसने भुसा बाजूला केला. एक पिल्लू. दोन पिल्लं. तीन पिल्लं. चार पिल्लं. चारही गरम गरम.

सगळ्यात धाकटं म्हणालं, "आई, दादा कधी येणार?"

टिपूस म्हणाली, "नाही रे राजा. दादा नाही येणार."

आणि टिपूस रडली. दिवसभर धावली होती. आता दार लागलं होतं, आता ती पोटभर रडली. चौघं तिला चिकटून बसली.

बाहेर मावशी म्हणाली, "आजा, ती रडतेय."

"रडू दे तिला," आजा म्हणाला. "तू तो रंधा आण. त्याचंही पातं गंजलंय. उद्या तो शिकू. आणि परवा दौलतकडे जाऊ. मला त्याच्याशी बोलायचंय."

फळीचं झालं दार,
आत पिल्लं चार,
आजची गोष्ट एवढीच फार.